भोंग्यावरची चौथी

निवृत्तीच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देताना आमच्या केंद्रातल्या एका तरुण शिक्षकाने माझी ओळख ‘तंत्रस्नेही शिक्षिका’ अशी करून दिली. हल्ली हा शब्द फार चालतो. ज्याला मोबाइलवरून व्हिडिओ लावता येतो तो तंत्रस्नेही, आणि ज्याला तो बंद करता येतो तो जिल्हास्तरीय मार्गदर्शक. मी खाली मान घालून हसू दाबत होते. कारण याच तंत्रापायी एकदा माझं आख्खं वर्ष पणाला लागलं होतं आणि तेव्हा शाल द्यायला कुणी आलं नव्हतं.

दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांत काढलेली सगळी वर्षं मी बाजूला ठेवली. त्यांत बदल्या, जनगणना, मतदार याद्या हेच जास्त आहे आणि ते प्रत्येक गुरुजीकडे आहे. मी नोकरी लागण्याच्या आधीचं, प्रशिक्षणाचं वर्ष निवडलं. त्या वर्षी जे केलं ते मी आज पुन्हा करीन, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना पश्चात्ताप वाचायला आवडतो त्यांनी पान उलटावं.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मी जळगावच्या एका अध्यापक विद्यालयात डी.एड. करत होते. बाहेरच्या वाचकांना सांगते, डी.एड. म्हणजे दोन वर्षं ‘पाठ’ देणं. पाठ म्हणजे शिकवणं नव्हे. शिकवणं मुलांसाठी असतं, पाठ मागच्या बाकावर बसून वहीत टिपणाऱ्या सरांसाठी असतो. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या. आधी प्रस्तावनेचे प्रश्न, मग हेतुकथन, म्हणजे ‘आज आपण अमुक घटकाचा अभ्यास करणार आहोत’ असं म्हणून ते फळ्यावर लिहायचं, मग विषय विवेचन, मग संकलन आणि शेवटी गृहपाठ. एखाद्या पोराला मधेच खरंच काही कळलं आणि त्याने भलताच प्रश्न विचारला, तर पायरी चुकायची आणि गुण जायचे.

त्या वर्षी अभ्यासक्रमात ‘शैक्षणिक तंत्रविज्ञान’ असा एक नवा भाग आला होता. तो देवरे सर शिकवायचे. देवरे सर वाईट नव्हते. शिस्तीचे होते, कडक इस्त्रीचे होते आणि छापील पानावर त्यांची श्रद्धा होती. ओव्हरहेड प्रोजेक्टर नावाचं यंत्र आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, सरांनीही नव्हतं. पण त्याची आकृती काढून आठ भागांना नावं द्यायची, हा हमखास प्रश्न होता. मी ती आकृती इतकी सुबक काढायची की सरांनी माझी वही वर्गात फिरवली. ते यंत्र कुठे लावतात, चालू कसं करतात, हे विचारल्यावर ते परीक्षेत येत नाही असं उत्तर मिळालं. ‘क्षेत्रभेटीचे फायदे’ या उत्तरालाही मला पैकीच्या पैकी गुण होते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुसऱ्या वर्षी छात्रसेवाकाल असायचा. म्हणजे काही महिने एखाद्या खऱ्या शाळेत शिक्षकासारखं काम करायचं. मुलींना नातेवाइकांजवळचं गाव मागून घेता यायचं. माझा मामा धुळ्याला, म्हणून मला पारोळ्याकडून धुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहान गावाची शाळा मिळाली. रोज सकाळी धुळ्याहून एसटीने यायचं, संध्याकाळी परत.

मामाचा धंदा लाउडस्पीकरचा. लग्न, सप्ताह, जाहीर सभा, सगळीकडे मामाचे भोंगे. त्याच्या दुकानात वायरींची भेंडोळी, माइक आणि ॲम्प्लिफायर यांच्या ढिगात एक टेपरेकॉर्डर पडलेला होता. माझी ती आकृतीची वही पाहून मामा आधी पोट धरून हसला, मग त्याने तो टेप फडक्याने पुसला आणि माझ्यापुढे ठेवला.

“ले. मशीन जुनं शे, पन आवाज खनखनीत शे. लगनमा वाजी वाजी त्याले सवय पडेल शे.”

अशा रीतीने शैक्षणिक तंत्रविज्ञान माझ्या हाती आलं.

शाळा द्विशिक्षकी होती. दोन गुरुजी आणि चार वर्ग. त्यातले एक गुरुजी लांबच्या रजेवर गेलेले. उरले मुख्याध्यापक, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. नाना सेवानिवृत्तीला आलेले, सडपातळ, पांढरी टोपी, आणि सगळ्या जगाला थोडे भ्यालेले. शाळा तपासणाऱ्या विस्तार अधिकाऱ्याची मोटारसायकल लांबून दिसली तरी नाना उभ्याउभ्या टोपी सारखी करायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी तिसरी आणि चौथी माझ्या ताब्यात दिली आणि देवाला हात जोडले.

दोन वर्ग एकाच वेळी कसे शिकवायचे, हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं. मला वाटलं, टेप आहे ना. मामाच्या दुकानात बसून मी चौथीची कविता टेपवर भरली. आधी कविता, मग प्रश्न, मग मुलांच्या उत्तरापुरती गप्प जागा, मग बरोबर उत्तर. दुसऱ्या दिवशी चौथीपुढे टेप लावला आणि मी व्हरांड्यात तिसरीला वजाबाकी सांगायला गेले. बऱ्याच वेळाने आत डोकावले तर आख्खी चौथी ताठ उभी. पाय अवघडलेले, एक पोरगा भिंतीला टेकून डुलतोय. झालं असं होतं की सुरुवातीला मी टेपमध्ये ‘सर्वांनी उभे राहा, नमस्कार करा’ असं म्हटलं होतं आणि ‘बसा’ म्हणायचं विसरले होते. यंत्रातून बाईंचा आवाज येतोय आणि बाई बसा म्हणत नाहीत, तर बसायचं कसं? माझ्या चौथीतली सगळ्यात हुशार मुलगी सिंधू. ती मात्र उभ्याउभ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होती. मी टेप बंद केला, त्यांना बसवलं आणि दिवसभर त्यांच्या तोंडाकडे पाहायची मला लाज वाटली. यंत्राला डोळे नसतात, एवढं मी त्या दिवशी शिकले. देवरे सरांच्या आठ भागांत हे कुठेच नव्हतं.

तरी टेप मुलांना आवडला. घरी अहिराणी बोलणारी पोरं वर्गात पुस्तकी मराठी बोलताना तोंड शिवून बसायची. टेपसमोर मात्र बोलायला धडपडायची, कारण स्वतःचा आवाज परत ऐकायला मिळायचा. सिंधूने एकदा सातचा पाढा टेपवर म्हटला आणि परत ऐकल्यावर म्हणाली की ही मुलगी कुणी का असेना, भरभर म्हणते, हिला थोडं सावकाश म्हणायला सांगा. आणि तिने तो पुन्हा, सावकाश म्हटला.

दिवाळीची सुट्टी संपली आणि चौथीतल्या सहा मुली परत आल्याच नाहीत. त्यात सिंधूही होती.

कपाशी फुटली होती. आमच्याकडे कापूस फुटला की गावात म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी उरतात. आया वेचणीला जातात आणि हाताशी येतील एवढ्या झालेल्या मुलींना सोबत नेतात. मुलगे शाळेत राहतात. मुलग्यांची बोटं वेचणीला चालत नाहीत, असं सगळे गंभीर तोंडाने सांगायचे. मी इतकी वर्षं शिकवलं, मला तरी मुलग्यांच्या बोटांत काही वेगळं हाड सापडलं नाही.

महिना उलटत आला तशी नानांची चुळबुळ सुरू झाली. विस्तार अधिकारी येणार होते आणि ते आधी हजेरीची टक्केवारी पाहतात. ती वाढवायचा एक सोपा, सगळीकडे चालणारा मार्ग होता. जी मुलं सतत गैरहजर आहेत त्यांची नावं पटावरून कमी करायची. पट लहान झाला की टक्केवारी आपोआप चढते. कुणाचं काही बिघडत नाही, फक्त त्या मुली शाळेतल्या राहत नाहीत. वार्षिक परीक्षेला बसता येत नाही. जूनमध्ये पुन्हा नाव घालता येतं, असं कागदावर म्हणायचं. नाव कमी झालेली मुलगी जूनमध्ये परत आल्याचं नानांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं आणि हे त्यांनीच मला सांगितलं.

मी भांडले. एकवीस वर्षांची, अजून डी.एड. न झालेली पोरगी, मुख्याध्यापकाशी भांडले. नाना रागावले नाहीत. ते म्हणाले, “बाई, त्या मुली शिकत आहेत असं मला दाखवा. मी पेन खाली ठेवतो. पण शाळेतल्या बाकावर नाहीत, घरीही नाहीत, मग कुठे शिकत आहेत म्हणून सांगू साहेबांना?”

दुपारच्या सुट्टीत मी शेतात गेले. गावालगत आबा म्हणून एका बड्या शेतकऱ्याचं मोठं वावर होतं. सहाच्या सहा मुली तिथेच, कमरेला झोळ्या बांधून आयांच्या बरोबरीने ओळीने वेचत होत्या. वाळलेल्या बोंडाची टोकं काट्यासारखी लागतात. सिंधूची बोटं पाहिली, सगळी ओरखडलेली. त्या बोटांत पेन्सिल धरली तरी दुखलं असतं. मी तिच्या आईशी बोलायला लागले. त्यांना सगळ्या बायका अक्का म्हणत. उंच बाई, बोलता बोलताही त्यांचे दोन्ही हात बोंडांवर चालूच होते.

“आंडेर शिकनी तं माले बी चांगलंच वाटी, बाई,” अक्का आपल्या आंडेरकडे, म्हणजे लेकीकडे, बघत म्हणाल्या. “पन हात कोठे रिकामा शेतस?”

“आणि कान?” मी विचारलं.

अक्कांचे हात पहिल्यांदा थांबले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “कान तं रिकामाच शेतस.”

तिथून सगळं सुरू झालं. माझ्या डोक्यात काही थोर विचार नव्हता. मला फक्त राग आला होता आणि हातात एक टेप होता.

पहिल्या दिवशी टेप बांधावर ठेवला. आवाज चार ओळींच्या पुढे जाईना. मुली ऐकायला बांधाजवळ गोळा झाल्या, लांबच्या ओळी तशाच राहिल्या आणि आबा काठी आपटत आले. त्यांचं म्हणणं खरं होतं. वेचणी खोळंबत होती. मी संध्याकाळी मामाकडे गेले आणि भोंगा मागितला. मामाने कपाळावर हात मारला, पण दुसऱ्या दिवशी भोंगा, ॲम्प्लिफायर आणि मोटारीची बॅटरी एसटीच्या टपावर चढवून तो स्वतः माझ्याबरोबर आला. भोंगा बांधावरच्या बाभळीला बांधला, वायर टेपला जोडली आणि सबंध वावरात माझा आवाज घुमला. ‘एक किलोग्रॅम म्हणजे किती ग्रॅम?’ मग गप्प जागा. आणि त्या पांढऱ्या रानातून, कुठूनतरी झाडांच्या आडून, उत्तरं यायला लागली. आधी मुलींची आणि हळूहळू बायांचीही. काही बाया चुकीचं उत्तर ठासून सांगायच्या आणि टेप बरोबर उत्तर सांगू लागला की टेपलाच खोटं पाडायच्या. मजुरीच्या वजनकाट्याने बाकी काही शिकवलं नसलं तरी किलोचा हिशेब त्यांना माझ्यापेक्षा चांगला येत होता.

रस्त्याने जाणारे लोक थांबायचे. सायकलवरचा एक म्हातारा बराच वेळ ऐकून बांधावर आला आणि विचारू लागला, निवडणूक शे का, कोन उभं ऱ्हायनं? मी सांगितलं, चौथी उभी आहे.

आबांची कुरकूर आता वेगळी होती. बाया ओळ सोडत नव्हत्या, वेचणी उलट नीट होत होती, पण आपल्याच वावरात आपल्याला न विचारता काहीतरी चाललंय हे त्यांना सोसत नव्हतं. एक दिवस ते म्हणाले, “बाई, वावर मन्हं शे. तुम्हना पाढा ऐकी ऐकी बाया डुलक्या लेतस. गाना लावा.”

मी म्हटलं, लावते, आधी धडा, मग एक गाणं. आबा म्हणाले, आधी गाणं. मी म्हटलं, मग भोंगा काढून नेते आणि शेजारच्या वावरात बांधते, त्यांच्याकडच्या बाया ऐकतील. आबा काठी आपटत निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून धडा, मग गाणं, असा क्रम ठरला आणि तो सबंध वेचणीभर मोडला नाही.

लिहिण्याचं काम भाकरीच्या सुट्टीत व्हायचं. मुली बाभळीखाली पाट्या घेऊन बसायच्या. बोटं दुखायची म्हणून अक्षर मोठं काढायच्या. शाळेची दुपारची सुट्टी झाली की मी तिथे धावत यायची. सकाळी शाळेआधी लावून दिलेल्या टेपवर आणि दुपारी माझ्यासमोर, अशी माझी चौथी चालली होती. पण हजेरीत ती धरली जात नव्हती. नाना शाळेत येताना रस्त्यावर उभे राहून भोंगा ऐकायचे, शेतात येत नसत. शेतात पाऊल टाकलं तर आपण सामील झालो, असं त्यांना वाटत असावं.

अशात माझ्या वार्षिक पाठाचा दिवस ठरला. त्या एका पाठावर वर्षाचे प्रात्यक्षिकाचे गुण असत. देवरे सर आणि बाहेरगावचे एक परीक्षक शाळेत येणार होते. वर्गात मुलगे होते, तक्ते होते, फळा होता. मी वर्गात उभी राहिले असते तर डोळे मिटून पास झाले असते. आणि त्याच आठवड्यात विस्तार अधिकारी येणार होते, म्हणजे नानांना नावं कमी करावी लागणार होती.

मी पाठाचा घटक निवडला ‘आपला जिल्हा: पिके व उद्योग’. आणि पाठाची पद्धत लिहिली, क्षेत्रभेट. म्हणजे आख्खी चौथी, मुलग्यांसकट, आबांच्या वावरात न्यायची. परीक्षकांसमोर त्या मुली वर्गाबरोबर शिकल्या, तर इतके दिवस त्या गैरहजर होत्या असं म्हणायला कुणाला तोंड राहणार नव्हतं. हे मी नानांना स्पष्ट सांगितलं. नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले की बाई, तुमचं वर्ष जाईल. मी म्हटलं, जाईल तर जाईल, पुन्हा देता येईल, पण सिंधूला चौथी पुन्हा देता येणार नाही. असं मोठं वाक्य बोलायची मला तेव्हा सवय होती. पण मी ते मनापासून बोलले होते.

पाठासाठी दोन रविवार फिरून मी आवाज गोळा केले होते. जळगावच्या डाळ मिलचा, चाळीसगाव जंक्शनवरच्या गाड्यांचा, रावेरकडे रेल्वेच्या वाघिणीत केळीचे घड भरताना हमालांनी दिलेल्या हाकांचा आणि पारोळ्याच्या एका जिनाचा, जिथे कापसातून सरकी वेगळी होते. जिनात मशीनजवळ टेप धरला तर मुकादमाने मला कामगार युनियनची समजून हाकलायला घेतलं होतं. या मुलींनी आपला जिल्हा म्हणून गावाचा बसथांबा आणि आबांचं वावर एवढंच पाहिलं होतं. जिल्हा डोळ्यांनी दाखवणं मला शक्य नव्हतं, कानांनी दाखवणार होते.

देवरे सर बुटांना ढेकळं लागू नयेत म्हणून बांधावरून जपून चालत आले. मागे परीक्षक. मुलगे बांधावर रांगेत बसले. मुली आपापल्या ओळीत, आयांबरोबर वेचत होत्या, कारण मजुरी बुडवून पाठ द्यायचा नाही हे मी अक्कांना कबूल केलं होतं. कपाशी त्या वर्षी उंच होती. माझ्या हातात माइक, टेप, आणि समोर पांढरं रान. मी जिनाचा आवाज लावला. बांधावरून मुलग्यांनी ट्रॅक्टर म्हणून ओरडून सांगितलं. आतून एका मुलीने जिन म्हटलं. मी कापसाचा प्रवास सांगितला. वावरातून गाडीत, गाडीतून जिनात, तिथे सरकी निघते, मग गाठी, मग रेल्वे, मग गिरणी. तेवढ्यात लांबच्या ओळीतून सिंधूचा आवाज आला. लांबून नीट ऐकू येईना म्हणून मधल्या बायांनी एकीकडून दुसरीकडे करत तो प्रश्न माझ्यापर्यंत पोचवला. मशीनमा बठ्ठा कापूस मिसळी जास, मंग आम्हना कोनता, कसा वळखाना? बठ्ठा म्हणजे सगळा.

मी उत्तर द्यायला माइक तोंडाशी नेला आणि देवरे सरांनी हात वर केला.

ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, हेतुकथन कुठे लिहिलं? फलकलेखन कुठे आहे? आणि वर्ग कुठे आहे? मुलगे दिसत आहेत. तुमच्या पाठाच्या टाचणात मुलींची उपस्थिती लिहिली आहे, त्या मुली मला दिसत नाहीत.

“सर, त्या इथेच आहेत. उत्तरं देत आहेत.”

“मला कपाशी दिसते आहे,” देवरे सर म्हणाले. “न दिसणाऱ्या वर्गाला गुण कसे देऊ?”

परीक्षकांनी मान हलवली. भोंग्यातून नुसती खरखर येत होती.

तेव्हा नाना पुढे आले. बगलेत हजेरीपट होता, तो ते कशासाठी घेऊन आले होते हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित त्या दिवशी पेन चालवायचं ठरवूनच आले असतील. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. माइक कसा धरतात हे त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी तो बासरीसारखा आडवा धरला. मग रोज सकाळी वर्गात घेतात तशी, त्याच सुरात, त्यांनी चौथीची हजेरी घ्यायला सुरुवात केली.

बांधावरचे मुलगे एकेक करून उभे राहिले. मग मुलींची नावं आली. पहिलं नाव घेतलं आणि डावीकडच्या ओळीतून ‘हजर’ ऐकू आलं. दुसरं नाव, आणि पार आतून ‘हजर’. नाना प्रत्येक नावानंतर थांबत होते आणि पटावर पेन टेकवत होते. सगळ्यात शेवटी त्यांनी सिंधूचं नाव घेतलं. उत्तर आलं नाही. नानांनी पुन्हा नाव घेतलं. मी अक्कांना शोधू लागले. तेवढ्यात झाडं हलली आणि भरलेली झोळी पोटाशी धरून सिंधू ओळीतून बाहेर आली, थेट देवरे सरांपुढे उभी राहिली.

“हजर,” ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “बाई, मन्हा प्रश्ननं उत्तर ऱ्हायनं.”

मी तिला खरं तेच सांगितलं. जिनातून निघाल्यावर कापूस कुणाचा ते कुणालाच ओळखता येत नाही. गिरणीवाल्याला नाही, दुकानदाराला नाही, आपल्यालाही नाही.

तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, “मंग बठ्ठाच आम्हना.” आणि परत ओळीत गेली.

देवरे सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि बांधावरून निघून गेले. नाना त्या जागीच खाली बसले. चार दिवसांनी विस्तार अधिकारी आले, त्यांनी टक्केवारीवरून नानांना मुलांदेखत बोल लावले. नाना उभ्याउभ्या टोपी सारखी करत राहिले, पण पटावरच्या त्या सहा नावांना त्यांनी हात लावला नाही. त्या माणसाला मी मनात भित्रा म्हणायची. ते मी त्या दिवशी सोडलं.

माझा निकाल लागला. लेखी सगळं उत्तम, प्रोजेक्टरच्या आकृतीला पूर्ण गुण आणि वार्षिक पाठात नापास. पाठ पुन्हा द्यायचा म्हणजे नोकरी वर्षभर लांबली. वडील बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मी तो चार भिंतींत, फळ्यावर सुवाच्य अक्षरात हेतुकथन लिहून दिला आणि चांगल्या गुणांनी पास झाले. त्या पाठात एकाही मुलाने प्रश्न विचारला नाही. माझ्या सगळ्या नोकरीतला तो सर्वांत वाईट पाठ होता, असं माझं मत आहे. देवरे सरांनी माझ्या पहिल्या पाठाला काय म्हणायचं ते म्हणावं.

पण त्याआधीचा एक दिवस सांगायचा आहे. उन्हाळा लागला होता. मी मामाच्या दुकानात वायरी गुंडाळत बसले होते, नापास होऊन दुसरं काम काय असणार. लग्नसराई जोरात होती. तेवढ्यात नाना दारात दिसले. धुळ्याला कामाला आले होते आणि विचारत विचारत दुकानापर्यंत पोचले होते. मामाने चहा मागवला. नाना खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “बाई, चौथीचा निकाल लावला.”

पाच मुली पास झाल्या होत्या. सिंधू पहिली आली होती, मुलग्यांसकट. सहाव्या मुलीचे घरचे परीक्षेआधीच सुरतेला कामाला निघून गेले आणि तिला घेऊन गेले. तिच्याबद्दल सांगताना नानांनी चहाचा कप खाली ठेवला. त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही आणि तिची चुटपुट मला अजून आहे. पाचजणींच्या आनंदाने ती भरून निघत नाही, आणि निघूही नये.

मग नानांनी माझं विचारलं. मी सांगितलं, नापास.

नानांनी भिंतीवर टांगलेल्या भोंग्यांकडे पाहिलं. मला वाटलं, समजुतीचं काहीतरी बोलतील. त्यांनी टोपी सारखी केली आणि मामाकडे वळले.

“भाऊ, दिवाळीनंतर तो भोंगा शाळेला पाहिजे. यंदा चौथीत मुली जास्त आहेत. मशीन चालवायचं मला शिकवून ठेवा.”

मामाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नानांकडे. मग त्याने गुंडाळलेली वायर नानांच्या हातात दिली.

“लगनसराईमा भेटाव नही, गुरुजी. कापूसना टाइमले खुशाल ली जा. आते बसा, पहिले हाई वायर कोठे लागस ते दखा.”